पेटीच्या रेकॉर्डची दुसरी बाजू

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी गेली दोनेक वर्षं वाचतेय. खरं सांगू? निम्मे वाचून हसलेय, आणि उरलेले वाचताना "आधी बीपी तपासून घ्या" असं मोठ्याने म्हटलंय. माझी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात गेली. तिथे एक खोड लागते — सॅम्पल हातात असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. सासूबाई दर अमावास्येला दाराला लिंबू बांधायच्या, तेव्हा "सरबताचं वाया गेलं" असं म्हणणारी सून मीच. त्यामुळे आज मी इथे लिहायला बसलेय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय. तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा, मी तुमच्या जागी असते तर हसलेच असते.

मी शुभांगी परब. वय बासष्ट. लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. म्हणजे अजून तरी राहते... रिडेव्हलपमेंटच्या सह्या झाल्यात, पावसाळ्याआधी खोल्या खाली करायच्या आहेत. बाहेरची खोली दहा बाय बारा, आत स्वयंपाकघर, मध्ये दार नाही, नुसता पडदा. ओट्यापासून रेकॉर्ड प्लेअरपर्यंत आठ पावलं. मी हजारदा चाललेय ती, म्हणून नक्की आकडा सांगतेय.

हा रेकॉर्ड प्लेअर आमच्या ह्यांचा. हे आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका छापखान्यात लागले, आणि दोन्हीकडे पोटापुरतं मन लावून बाकी सगळं मन रेकॉर्डींवर लावलं. तीनेकशे रेकॉर्डी. फूटपाथवरून, भंगारवाल्याकडून, कुणाच्या घरातले म्हातारे गेले की त्यांच्या मुलांकडून. पलंगाखाली रेकॉर्डी, कपाटावर रेकॉर्डी. माझ्या पैठणीला जागा नव्हती, पण कुण्या परदेशातल्या तुतारीवाल्याला होती.

मी मूळची गिरगावची. ह्यांच्या घरात मालवणी. लग्नानंतर सहा महिने मला सासूबाई काय बोलतात तेच कळायचं नाही. पण एक वाक्य मी पहिल्या आठवड्यात शिकले, कारण ते दर रेकॉर्ड संपल्यावर यायचं. हे खुर्चीतून आत वळून विचारायचे, "कसां वाटलां गो?"

आणि माझं उत्तर ठरलेलं. "ऐकलं कुठे मी? माझा कुकर चालू होता."

कुकर, नाहीतर मिक्सर, नाहीतर निवडायची मेथी. हे हसायचे, रेकॉर्ड पाकिटात घालायचे. पुढच्या रविवारी परत तोच प्रश्न, परत तेच उत्तर. सदतीस वर्षांत एकदाही मी पडद्याबाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसून एक आख्खी रेकॉर्ड ऐकली नाही. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. आपण आपलं "नंतर बसू, नंतर बसू" करत राहतो ना, तसं झालं.

रिटायर झाल्यावर ह्यांना एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं. ग्रुपचं नाव 'सध्या काय ऐकताय?' अकरा माणसं. ग्रुप चालवतात गिरगावचे कारखानीस सर, कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, त्यामुळे नियमांचे पक्के. आपण सध्या जो अल्बम ऐकतोय तो रविवारी ग्रुपवर सांगायचा. सोबत फोटो हवा, रेकॉर्ड मशीनवर असताना काढलेला, वरच्या बाजूचं लेबल दिसेल असा. एकच बाजू ऐकली असेल तर तसं प्रामाणिकपणे लिहायचं. दोन्ही बाजू ऐकून होईपर्यंत मत द्यायचं नाही. "अर्धं ऐकून बोलायला आपण काय न्यूज चॅनल आहोत का?" हे सरांचं वाक्य. आमच्या ह्यांना हा ग्रुप म्हणजे दुसरं सासर मिळालं.

मग चार वर्षांपूर्वी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. काठी घेऊन खुर्चीपासून पलंगापर्यंत, तेही मी धरलं तर. बोलणं जड झालं, 'ट'चा 'त' व्हायचा, 'ठ'चा 'थ'. बाहेरच्या माणसाला कळायचं नाही म्हणून हे बोलेनासेच झाले. हाक मारायचीसुद्धा लाज वाटायची त्यांना. गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटावरून पलीकडच्या माणसाला हाक मारणारा माणूस हा... जाऊ दे.

रेकॉर्ड लावणं मग माझ्याकडे आलं. मी सुई ठेवायची आणि स्वयंपाकघरात पळायचं. बाजू संपली की ते जुनं मशीन आपोआप थांबत नाही, सुई शेवटच्या रेघेत फिरत राहते. खट्... खट्... खट्... तीच आमची घंटा. ती वाजली की मी हातातलं टाकून आठ पावलं जायची, रेकॉर्ड पलटायची, सुई ठेवायची, परत यायची. काय करतोय याचा विचारही करावा लागायचा नाही. घाईत कधी हात धुवायचे राहायचे, मग रेकॉर्डीच्या कडेला पिठाची बोटं उमटायची. तेव्हा मात्र हे बोलायचे. "शुभा... पीथ!" असे काही दुखावून म्हणायचे, जसं काही मी देव बाटवला.

आणि दोन्ही बाजू झाल्या की, "कसां वातलां गो?"

"ऐकलं कुठे मी?"

गेल्या वर्षी, माघी गणपती होऊन गेल्यावरची गोष्ट. एका शनिवारी संध्याकाळी कारखानीस सर एक रेकॉर्ड घेऊन आले. कव्हर नाही, नुसतं खाकी पाकीट. लेबल निळं, अक्षरं पार पुसलेली, एका बाजूला पेनने १ आणि दुसऱ्या बाजूला २. सरांच्या घरी रंगकाम चालू होतं, त्यांचं मशीन गुंडाळून माळ्यावर. म्हणाले, "परब, ही मीही ऐकलेली नाही. पहिला मान तुमचा. कोण आहे ते ओळखून दाखवा."

रविवारी अकराला मी पहिली बाजू लावली. पेटी होती. नुसती पेटी, गाणं नाही. मी आत कोलंबी सोलत होते. बाजू संपली, खट् खट् सुरू झालं, मी हात धुऊन बाहेर आले. हे डोळे मिटून बसले होते. डावा हात वर करून म्हणाले, "नंतर. संध्याकाळी." थकलेले दिसले, म्हणून मी नुसती सुई उचलली आणि मशीन बंद केलं. रेकॉर्ड तशीच राहिली. ह्यांनी डाव्या हाताने ग्रुपवर मेसेज टाकला, फोटोसकट. तो मी नंतर इतक्या वेळा वाचलाय की पाठ झालाय — 'सध्या ऐकतोय : नाव माहीत नाही. पेटी. पहिली बाजू झाली. दुसरी संध्याकाळी.'

साडेतीनला दुसरा झटका आला.

चार दिवस हॉस्पिटलात होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवायला लागले. काहीतरी विचारत होते, प्रश्न होता, भुवया वर गेल्या होत्या त्यांच्या. आणि मी, एकतीस वर्षं हॉस्पिटलात काढलेली शहाणी बाई, त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "बोलू नका. दम लागेल." गप्प झाले ते. परत विचारलं नाही.

त्यांना पाणी हवं होतं की उशी, की आणखी काही, मला कळलं नाही. ते वाक्य मी का बोलले याचा मला आजही राग येतो. कुणी समजूत घालायला लागलं तर आणखी येतो.

तेराव्याला कारखानीस सर आले. मशीनवर ती रेकॉर्ड तशीच होती. त्यांनी विचारलं, "वहिनी, काढून ठेवू?" मी म्हटलं, राहू दे. तेव्हा त्यांनी मशीनच्या दांडीचं सुईवालं डोकं तेवढं काढलं, पुसलं, डबीत घालून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "धूळ बसून खराब होईल. नुसती दांडी राहू दे." ती डबी मी कपाटात ह्यांच्या चष्म्याशेजारी ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. मशीनचा प्लग काढला, तिथे इस्त्री लावायला लागले. वर क्रोशाचं झाकण घातलं. चौदा महिने मी ते झाकण फक्त झटकायला उचललं, आणि दर वेळी खाली तो निळा १ दिसायचा.

ह्यांचा नंबर ग्रुपमधून कुणी काढला नाही. फोन मी चार्ज करून ठेवते. दर रविवारी लोक लिहितात कोण काय ऐकतंय ते, मी वाचते. 'दुसरी संध्याकाळी' याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. माणसं चांगली आहेत.

यंदा खोली खाली करायची वेळ आली. नवी इमारत होईपर्यंत ट्रान्झिटची खोली मिळाली शीव कोळीवाड्याला, एकच खोली. मुलगी ठाण्याहून आली, रेकॉर्डींकडे बघून म्हणाली, "आई, तिथे तू झोपणार आहेस की या?" चिडूनच मी सरांना फोन केला आणि म्हटलं, घेऊन जा सगळ्या, मशीनसकट. ग्रुपमध्ये वाटून घ्या. ऐकणाऱ्यांकडे जाऊ देत, माझ्याकडे ठेवून काय करू, मी कुठे ऐकते. रविवारी सर आणि वरळीची ऋतुजा यायचं ठरलं. ऋतुजा ग्रुपमधली सगळ्यात लहान, सव्वीस वर्षांची, बाबांसारखी माया होती तिची ह्यांच्यावर.

आता गुरुवार. त्या रविवारच्या आधीचा.

सकाळचे साडेअकरा वाजले असतील. लख्ख ऊन, गॅलरीत शेजारच्या कदमकाकूंचे पापड वाळत होते, खालून कुणीतरी मसाला कांडून आणल्याचा वास. भूतबीत यायची ही वेळ नव्हे. मी एकटीपुरत्या चपात्या लाटत होते आणि डोक्यात फक्त एवढंच की पॅकिंगला खोकी कमी पडताहेत.

खट्... खट्... खट्...

मी लाटणं ठेवलं, बाहेर गेले, रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत धरून पलटली, दांडी उचलून रेकॉर्डीच्या कडेवर टेकवली आणि परत येऊन चपाती तव्यावर टाकली. विचार असा काही नाहीच. तीन वर्षांची सवय, पायच गेले.

आणि बाहेर पेटी सुरू झाली.

वाचून तुम्हाला वाटेल की मी किंचाळले असेन. नाही. मला काही विचित्र वाटलंच नाही. सांगायला लाज वाटते, पण त्या वीसेक मिनिटांत हे नाहीत ही गोष्टच मला आठवत नव्हती. खोलीत पेटी वाजतेय, हे खुर्चीत बसलेत, मी चपात्या करतेय — इतकंच. पहिला तुकडा संथ होता, त्यात भात्याची कुरकुर ऐकू येत होती. दुसरा चालता. तिसरा निम्म्याहून जास्त नुसत्या पेटीवर झाला आणि मग तबला आला, अगदी हळू, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. शेवटी तीच एक ओळ तीनदा वाजवली. तिसऱ्यांदा त्याने शेवटचा सूर सोडूनच दिला. मी हातातली चपाती तशीच धरून थांबले, की वाजव ना बाबा तो सूर. त्याने नाहीच वाजवला. पण इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, जणू तो सूर माझ्यासाठी ठेवला होता.

मग खट् खट्. आणि त्याच्यावरून आवाज आला.

"कसां वाटलां गो?"

मी म्हटलं, "छान होतं हो."

म्हटलं, आणि गॅस बंद केला, आणि मग माझ्या लक्षात आलं. आधी लक्षात काय आलं सांगू? 'ट.' स्वच्छ 'ट' होता. झटक्याच्या आधीचा.

बाहेर गेले. खुर्ची रिकामी. क्रोशाचं झाकण बाजूला काढून ठेवलेलं, बहुतेक मीच काढलं असणार. रेकॉर्ड थांबलेली. प्लग बोर्डात नव्हता, तिथे इस्त्रीच होती. दांडीला सुईचं डोकं नव्हतं, नुसती बोडकी दांडी रेकॉर्डीवर टेकलेली. कपाटाला किल्ली, डबी आत, डबीत सुई. आणि रेकॉर्डीवर वर आलेला निळा २. कडेला दोन्हीकडे पिठाची बोटं, माझी.

मी खाली बसले. किती वेळ ते माहीत नाही. कदमकाकू पापड उलटताना खिडकीतून डोकावल्या. त्यांना विचारलं, "तुम्हाला पेटी ऐकू आली?" म्हणाल्या, "पेटी कसली? तू कोणाला तरी छान होतं म्हणालीस तेवढं ऐकलं मी. फोनवर होतीस ना?" मी हो म्हटलं.

आता माझ्यातली लॅबवाली जागी झाली. मला माहीत होतं की दोन दिवसांत माझी मीच समजूत घालणार आहे. सवयीने रेकॉर्ड पलटली, बाकी सगळं डोक्यात वाजलं, एकटी असते, होतं असं. म्हणजे सॅम्पल आत्ताच सील करायला हवं. मी ऋतुजाला व्हॉइस मेसेज पाठवला. त्या रेकॉर्डीच्या दुसऱ्या बाजूला काय काय आहे ते सगळं सांगितलं — तीन तुकडे, भात्याची कुरकुर, उशिरा येणारा तबला, तीनदा येणारी ओळ आणि न वाजवलेला सूर. ती ओळ गुणगुणूनसुद्धा दाखवली, माझ्या भसाड्या गळ्याने. शेवटी, "आणि मग कुणीतरी विचारतं, कसां वाटलां गो," एवढंही सांगितलं. "जपून ठेव, रविवारपर्यंत मला काही विचारू नकोस," म्हटलं. शहाणी पोर, नाही विचारलं.

रविवारी दोघं आली. सरांनी झाकण उचललं, बघितलं, ह्यांचा शेवटचा फोटो फोनवर उघडून परत बघितलं. फोटोत १, समोर २. पिठाच्या खुणा मी पुसल्या नव्हत्या. मी सगळं सांगितलं.

सर हळूच म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. नकळत पलटली असेल तुम्ही."

"पलटली मीच," मी म्हटलं. "त्याबद्दल वाद नाही. मी ऐकलं काय, ते सांगा."

"परबांनी आधी कधी ही बाजू लावली असेल..."

"कधी? शनिवारी संध्याकाळी तुम्ही आणलीत, रविवारी दुपारी ते गेले हॉस्पिटलात. मधे एकदाच लावली, ती मी. माझ्याशिवाय पलटणार कोण होतं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. ऋतुजा म्हणाली, "काकू, सुई द्या."

मी कपाट उघडून डबी दिली. सरांनी डोकं बसवलं, इस्त्री काढून प्लग लावला. ऋतुजाने स्वतःच्या ओढणीने — नाही, तिला मी फडकं दिलं, ओढणी कशाला — कडेचं पीठ पुसलं. मी आत जायला निघाले, चहा ठेवायला. सर म्हणाले, "वहिनी, आज इथे बसा." मी ह्यांच्या खुर्चीत बसले. सदतीस वर्षांत पहिल्यांदा.

सुई टेकली. संथ पेटी. भात्याची कुरकुर.

ऋतुजाने माझ्याकडे बघितलं आणि मग सगळा वेळ जमिनीकडे. दुसरा तुकडा चालता. तिसऱ्यात तबला येईपर्यंत आम्ही तिघंही श्वास धरून होतो. तो आला, तसाच, हळू. मग ती ओळ. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा शेवटचा सूर आला नाही, आणि ऋतुजा रडायला लागली.

खट्... खट्... खट्...

मी वाट बघत होते. खुर्चीचे हात घट्ट धरून, मान पुढे करून वाट बघत होते. सुई फिरत राहिली. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील.

रेकॉर्डीवर आवाज नव्हता. कुणीच काही विचारत नव्हतं. सरांनी शेवटची रेघ तीनदा परत लावून बघितली. पेटी, आणि मग खरखर.

"काकू, तो आवाज..." ऋतुजा म्हणाली.

"रेकॉर्डीतला नव्हता," मी म्हटलं.

सरांसारखा केमिस्ट्रीवाला माणूस, त्यांनी फक्त माझ्या हातावर हात ठेवला.

इथे खरं तर अनुभव संपला. पण मला ज्यासाठी लिहावंसं वाटलं ते त्यानंतर घडलं, आणि त्यात अमानवीय असं काहीही नाही.

मी चहा करायला आत गेले. बाहेर दोघं रेकॉर्डी खोक्यात भरत होती. कुठली चांगली, कुठली घासलेली हे बघायला ऋतुजा एकेक लावून थोडी थोडी ऐकत होती. एक लावायची, अर्ध्या मिनिटाने काढायची. नाट्यसंगीत. सतार. तो तुतारीवाला. कुठल्या तरी बाईंची लावणी. मी आलं किसत होते, दूध उतू जातंय का बघत होते. थोड्या वेळाने बघते तर पडद्यात ऋतुजा उभी.

"काकू," ती म्हणाली, "मी रेकॉर्ड थांबवते आणि तुम्ही पुढचं गाताय."

"मी? छे."

"तुतारीवाल्याचंसुद्धा. खरखर कुठे येते तेसुद्धा येतंय तुम्हाला."

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. ती बाहेर गेली, आणखी एक लावली, लगेच उचलली. पुढचं मला येत होतं. आणखी एक. तेही येत होतं. तीनेकशे रेकॉर्डी, आणि मी कुठे म्हणून अडले नाही. आठ पावलं म्हणजे काय हो अंतर? मध्ये दारसुद्धा नाही, नुसता पडदा. सदतीस वर्षं मी ह्यांना सांगत आले की ऐकलं कुठे मी. सगळं ऐकलं होतं. एकूण एक ऐकलं होतं. फक्त विचारलं की सांगितलं नाही, आणि शेवटी विचारायला लागले तर विचारू दिलं नाही.

चहा उतू गेला. जाऊ दे म्हटलं.

रेकॉर्डी मी दिल्या नाहीत. म्हणजे निम्म्या दिल्या, ज्या ऋतुजाला हव्या होत्या त्या. बाकीच्या आणि मशीन शीव कोळीवाड्याला येणार आहे. मुलीला फोनवर म्हटलं, त्याच झोपतील, मी बसून राहीन. ती हसली, मग फोन ठेवल्यावर पाच मिनिटांनी तिचा परत फोन आला, रडत.

जे झालं ते काय होतं, मला सांगता येत नाही. पेटीचं सोडा. ह्यांनी ती बाजू कुठूनतरी, कशीतरी मला ऐकवली असं मानलं तरी माझ्यातली लॅबवाली मान हलवते आणि विचारते, पुरावा? पुरावा म्हणजे ऋतुजाच्या फोनमधला तो गुरुवारचा मेसेज. तो खोटा म्हणता येत नाही, आणि खरा कसा तेही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला उलगडा होत असेल तर जरूर लिहा. मी वाचेन. पटेलच असं नाही.

त्या रविवारी संध्याकाळी सरांनी मला ग्रुपमध्ये घेतलं, माझ्या स्वतःच्या नंबरवर. मी रेकॉर्डीचा फोटो काढला, २ वर, नियमाप्रमाणे. खाली लिहिलं — 'सध्या ऐकतेय : नाव माहीत नाही. पेटी. दुसरी बाजू झाली. छान आहे हो. याआधीच्याही सगळ्या ऐकल्या होत्या.'

पाठवलं आणि कपाटात ह्यांचा फोन टिंग करून वाजला. त्याला मात्र स्पष्टीकरण आहे. चार्ज करून मीच ठेवते.